क्रेदो, श्रद्धा आणि माझी एक चूक

(१)
मित्रहो, या मालिकेत आपण सहसा एखादा गड, एखादा ताम्रपट किंवा एखादे नाणे हाती घेतो. आज एक शब्द हाती घेतो आहे, आणि तोही माझ्याच एका चुकीची दुरुस्ती म्हणून.

दीड वर्षापूर्वी याच धाग्यात मी नायसियाच्या धर्मपरिषदेवर लिहिले होते. लेखाच्या शेवटी, टाळी मिळवण्याच्या मोहात, एक वाक्य टाकले होते : ‘त्यांच्याकडे क्रीड आहे, आपल्याकडे श्रद्धा आहे. क्रीड म्हणजे मान्य करावयाच्या विधानांची यादी. श्रद्धा म्हणजे अंतःकरणाची वृत्ती. या दोन शब्दांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही.’ ते वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी उचलून धरले, पुढे पाठवले. मलाही त्याचा थोडा अभिमान वाटला होता. ते वाक्य चुकीचे होते. किरकोळ तपशिलात नव्हे, तर मुळातच चुकीचे होते.

हा टोमणा मी त्या दिवशी नव्याने घडवलेला नव्हता. वसतिगृहात माझ्या खोलीत नगर जिल्ह्यातील एक ख्रिस्ती मित्र राहत असे. रविवारी सकाळी तो चर्चला निघाला की मी पांघरुणातूनच म्हणत असे, ‘निघालास का यादीवर सही करायला?’ तो हसून दार ओढून घेई. त्या हसण्यात काय होते, याचा विचार मी कधी केला नाही.

(२)
गेल्या वर्षी त्याचे वडील वारले. मी गावी पोहोचलो तोवर दफनविधी उरकला होता. दोन दिवस तेथेच राहिलो. रविवारी सकाळी तो, त्याची आई आणि मी असे तिघे गावातील दगडी चर्चमध्ये गेलो. मी मागच्या बाकावर बसलो.

उपासनेच्या मध्यावर सारे उभे राहिले आणि एका सुरात मतांगीकार म्हणू लागले. ख्रिस्ती धर्मातील मुख्य श्रद्धाविषय थोडक्यात सांगणाऱ्या या पाठाला मराठी प्रॉटेस्टंट मंडळी ‘मतांगीकार’ म्हणतात. ज्याला इंग्रजीत ‘क्रीड’ म्हणतात तो हाच. काकूंना लिहितावाचता येत नाही. हातात पुस्तक नव्हते. पण एकही शब्द न अडखळता त्या म्हणत होत्या. मृतांच्या पुनरुत्थानाचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी समोरच्या बाकाची कड घट्ट धरली. आवाज मात्र खाली आला नाही. शेवटी ‘आमेन’ म्हणून त्या खाली बसल्या आणि पदराने चेहरा पुसला.

मी जे पाहत होतो त्याला ‘यादी’ म्हणता येईना. ज्या बाईने तीन दिवसांपूर्वी नवऱ्याला माती दिली, ती काही विधानांची सत्यासत्यता तपासून त्यांखाली सही करत नव्हती. मग ती काय करत होती? त्या प्रश्नाने मला शब्दकोशांकडे नेले.

(३)
प्रथम नावाकडे पाहू. ‘क्रीड’ हा इंग्रजी शब्द लॅटिन ‘क्रेदो’पासून आला. ‘क्रेदो’ हे नाम नव्हे. ते क्रियापदाचे प्रथमपुरुषी एकवचनी रूप आहे. अर्थ : ‘मी विश्वास ठेवतो’. लॅटिन पाठ या शब्दाने सुरू होतो, म्हणून साऱ्या पाठालाच ते नाव पडले. आपल्याला ही रीत परकी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सृष्टिविषयक सूक्ताला आपण ‘नासदीय’ म्हणतो, ते त्याच्या पहिल्या शब्दांवरूनच. आरत्यांनाही आपण त्यांच्या पहिल्या शब्दांनीच ओळखतो.

तेव्हा मराठी ‘मतांगीकार’ आणि लॅटिन ‘क्रेदो’ यांत एक बारीक फरक आहे. ‘मतांगीकार’ म्हणताना लक्ष मताकडे जाते : काय मानले ते. ‘क्रेदो’ म्हणताना लक्ष बोलणाऱ्याकडे जाते : कोण उभा राहून काय करतो आहे ते. माझी पहिली चूक येथे होती. मी एका क्रियापदाला नाम समजून बसलो होतो.

(४)
हा पाठ जन्मला कसा? तिसऱ्या शतकाच्या आरंभीच्या रोमशी ज्याचा संबंध जोडला जातो आणि ज्याचे कर्तृत्व परंपरेने हिप्पोलिटसकडे दिले जाते, अशा एका ग्रंथात बाप्तिस्म्याचा विधी वर्णिला आहे. दीक्षा घेणारा पाण्यात उतरतो. त्याला तीन प्रश्न विचारले जातात : पित्यावर विश्वास ठेवतोस का, पुत्रावर ठेवतोस का, पवित्र आत्म्यावर ठेवतोस का? प्रत्येक प्रश्नाला तो ‘ठेवतो’ असे उत्तर देतो, आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याला पाण्याखाली नेले जाते.

म्हणजे मूळ रूप यादीचे नव्हते, संवादाचे होते. एकाने विचारायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. आपल्याकडे लग्नविधीत वर ‘नातिचरामि’ म्हणतो, ते जसे माहिती देणे नसून शब्द देणे असते, तसेच काहीसे.

या पाठाला त्या काळी आणखी एक नाव होते : ‘सिंबोलम’. ग्रीक ‘सिंबोलॉन’ म्हणजे ओळखीची खूण. एखादी वस्तू मोडून तिचे दोन तुकडे दोन पक्षांनी जवळ ठेवायचे. पुढे भेट झाली की तुकडे जुळवून ओळख पटवायची. इसवी सन ४०० नंतर लवकरच अक्विलियाच्या रुफिनसने या पाठावर भाष्य लिहिले. त्यात येशूच्या बारा प्रेषितांनी मिळून हा पाठ रचला, अशी परंपराही त्याने नोंदवली. ‘प्रेषितांचा मतांगीकार’ हे नाव त्या आख्यायिकेशी जोडलेले आहे. पंधराव्या शतकात लोरेन्झो वाल्ला या इटालियन पंडिताने त्या आख्यायिकेला आव्हान दिले. आज म्हटला जाणारा लॅटिन पाठ त्याच्या स्थिर रूपात आठव्या शतकातील पिर्मिनियसच्या ग्रंथात दिसतो. अर्थात तो एका बैठकीत लिहिला गेला नाही. पाण्यातल्या त्या तीन उत्तरांभोवती तो शतकानुशतके वाढत गेला.

(५)
मग माझ्या ‘यादी’च्या टोमण्यात काहीच तथ्य नव्हते का? होते; अर्धे होते, आणि ते लपवणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही.

इसवी सन ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने नायसिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझ्निक येथे, बिशपांची परिषद बोलावली. अलेक्झांड्रियाचा धर्मोपदेशक एरियस सांगत होता की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, तो पित्यासारखा अनादी नाही. परिषदेने याविरुद्ध जो मतांगीकार संमत केला त्यात ‘होमोऊसिओस’, म्हणजे ‘एकाच तत्त्वाचा’, हा शब्द घातला. हा शब्द बायबलमध्ये कोठेही नाही. पाठाच्या अखेरीस विरुद्ध मत मांडणाऱ्यांचा धिक्कार जोडला. थिओनस आणि सेकंडस या दोन बिशपांनी संमती नाकारली. एरियसबरोबर त्यांनाही हद्दपारी भोगावी लागली.

पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचे उत्तर येथे सत्तेच्या दरबारातील कसोटी झाले. गंमत अशी, की याही पाठाचे पहिले ग्रीक क्रियापद ‘आम्ही विश्वास ठेवतो’ असेच आहे. शब्द तोच राहिला. तो कोण, कोणाला आणि कशासाठी विचारतो आहे, हे बदलले.

(६)
आता माझ्या वाक्याच्या दुसऱ्या भागाकडे येतो : ‘काडीचाही संबंध नाही.’

‘क्रेदो’ आणि ‘श्रद्धा’ हे दोन शब्द सख्खे भाऊबहीण आहेत. एकाने दुसऱ्याकडून उसना घेतलेला शब्द नव्हे, तर दोहोंना एकाच पूर्वज भाषेकडून मिळालेला वारसा. १७८६ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या साम्याविषयी जे भाषण केले, त्यातून पुढे वाढलेल्या अभ्यासातील हे एक ठळक उदाहरण मानले जाते.

केवळ कानाला सारखे वाटले म्हणून शब्द नातलग ठरत नाहीत. नाते सिद्ध होते ते नियमाने. पूर्वज भाषेतील एक विशिष्ट ‘क’ लॅटिनमध्ये ‘क’ म्हणून राहिला आणि संस्कृतमध्ये ‘श’ झाला. म्हणून लॅटिन ‘केंतुम’ तर संस्कृत ‘शतम्’. लॅटिन ‘देकेम’ तर संस्कृत ‘दश’. लॅटिन ‘कानिस’ तर संस्कृत ‘श्वन्’, म्हणजे कुत्रा. याच नियमाने ‘क्रे’च्या जागी ‘श्र’ येतो. उत्तरार्धातील ‘दो’ आणि ‘धा’ ही एकाच धातूची रूपे आहेत. आयर्लंडच्या जुन्या भाषेतही ‘विश्वास ठेवणे’ यासाठी याच कुळातील क्रियापद आहे, आणि इराणच्या अवेस्तेतही. आयर्लंडपासून सप्तसिंधूपर्यंत पसरलेला असा शब्द ख्रिस्ती धर्माहून कितीतरी जुना आहे.

(७)
या शब्दाचा मूळ अर्थ काय? ‘धा’ म्हणजे ठेवणे. याविषयी वाद नाही. ‘श्रत्’ म्हणजे काय, यावर मात्र पंडितांत मतभेद आहेत.

एक मत असे : श्रत् म्हणजे हृदय. लॅटिनमध्ये हृदयाला ‘कोर’ म्हणतात, त्याची इतर रूपे ‘कोर्द’पासून होतात. त्यामुळे ‘क्रेदो’ म्हणजे ‘मी हृदय ठेवतो’. अर्थ मोठा लोभस आहे. अडचण एवढीच, की वर सांगितलेल्या नियमानुसार संस्कृतमध्ये हृदयाला ‘श’ने आरंभ होणारा शब्द हवा, प्रत्यक्षात ‘हृद्’ आहे. अवेस्तेत मात्र या शब्दाचा आरंभ त्या भाषेतील हृदयवाचक शब्दाशी जुळवून घेतलेला दिसतो. म्हणजे निदान ती भाषा बोलणाऱ्यांना तरी या शब्दात हृदय ऐकू येत होते.

दुसरे मत फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त यांचे. १९६९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हृदयाचा अर्थ नाकारला. त्यांच्या मते येथे ठेवले जाते ते एक प्रकारचे तारण : माणूस आपले बळ देवाच्या बाजूने ठेवतो, आणि ते परत मिळेल अशी त्याची अपेक्षा असते.

ऋग्वेदात हा शब्द अजून पुरता सांधलेला नाही. दुसऱ्या मंडलातील गृत्समदाच्या प्रसिद्ध इंद्रसूक्तात (२.१२) ‘श्रत्’ आणि ‘धा’चे रूप यांच्यामध्ये दुसरा शब्द येऊन बसतो. प्रसंगही लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे इंद्र कोठे आहे असे विचारणारी, तो नाहीच असे म्हणणारी माणसे आहेत, आणि त्या शंकेसमोर कवी लोकांना इंद्रावर श्रत् ठेवायला सांगतो. म्हणजे आपली ‘श्रद्धा’ही केवळ एकांतातील वृत्ती नव्हती. तीही चारचौघांत, नाकारणाऱ्यांच्या देखत, उच्चारून ठेवायची गोष्ट होती.

आणि मराठी पाहा. ‘धा’ म्हणजे ठेवणे हे आपण केव्हाच विसरलो, तरी ‘श्रद्धा ठेव’ असेच म्हणतो. शब्दाच्या पोटात दडलेले क्रियापद आपण नकळत पुन्हा बाहेर आणून जोडले आहे.

(८)
लॅटिनमधील ‘क्रेदेरे’ या क्रियापदाचा रोजचा उपयोग देवळापेक्षा बाजारात अधिक होता. त्याचा अर्थ विश्वास ठेवणे, सोपवणे आणि कर्ज देणे असा तिहेरी. ‘क्रेदितुम’ म्हणजे दिलेले कर्ज. आजचे ‘क्रेडिट’ त्याचेच. सावकार पैसे देतो तेव्हा समोरच्याविषयी त्याचे काय ‘मत’ आहे हे दुय्यम असते. त्याने थैली सोडली का, हे मुख्य. मराठीत यासाठी ‘पत’ हा नेमका शब्द आहे. दुकानदाराकडे आपली पत असते आणि समाजातही पत असते. पतपेढीतील पत आणि इभ्रत असा अर्थ असलेली पत आपण एकाच शब्दाने मोजतो.

ग्रीक नव्या करारातील ‘पिस्तिस’ या शब्दाचेही तसेच. तो मन वळवणे आणि भरवसा बसणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला. व्यवहारात तो हमी आणि पत यांसाठी वापरला जाई, आणि ॲरिस्टॉटलच्या वक्तृत्वशास्त्रात श्रोत्यांची खात्री पटवणाऱ्या साधनांसाठी. जुन्या जगातील विश्वासाचे शब्द असे देवघेवीच्या जगातून आलेले आहेत.

(९)
पाठाचा पहिला शब्द पाहिला. आता अखेरचा पाहू : ‘आमेन’. हा लॅटिनही नाही, ग्रीकही नाही. तो हिब्रू आहे आणि ‘अमन्’ या धातूपासून आला आहे. धातूचा अर्थ पक्के असणे, आधार देणारे असणे. ‘एमुना’ हा हिब्रू शब्द, ज्याचे भाषांतर आपण विश्वास किंवा विश्वासूपणा असे करतो, याच धातूचा.

याच सेमिटिक धातूपासून अरबीत ‘ईमान’ झाला. अरबी बोलणारे ख्रिस्ती आजही नायसियाच्या मतांगीकाराला ‘कानून अल्-ईमान’ म्हणतात. अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत आला तो आपला ‘इमान’. मराठीत इमान म्हणजे पंथाचे मत नव्हे; इमान म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणे. बेइमान तो, जो सोडून जातो. ‘अमानत’ त्याच धातूची. आणि तिचे अक्षरबदल होऊन झालेली ‘अनामत’ही. निवडणुकीत उमेदवाराची जप्त होणारी अनामत आणि काकूंनी उच्चारलेला आमेन यांचे मूळ एक आहे, हे मी कोशात वाचले तेव्हा काही काळ पुस्तक मिटून बसलो.

म्हणजे लॅटिनमध्ये हा पाठ ज्या शब्दाने उघडतो तो ‘श्रद्धा’चा भाऊ, आणि ज्या शब्दाने मिटतो तो ‘इमान’चा. दोन निरनिराळ्या भाषाकुळांतील दोन शब्द, आणि दोघांचेही नातलग मराठीच्या घरात नांदत आहेत. आणि मी म्हणालो होतो, संबंध नाही.

(१०)
मराठी ख्रिस्ती मंडळींनी मात्र ‘श्रद्धा’पेक्षा ‘विश्वास’ हा शब्द अधिक जवळ केला. आजच्या मराठी बायबलमध्ये ‘पिस्तिस’साठी सर्वत्र तोच भेटतो. ‘विश्वास’ हा ‘श्वस्’ धातूपासून येतो : श्वास घेणे. निःश्वास, आश्वासन ही त्याचीच भावंडे. विश्वास म्हणजे निर्धास्तपणे श्वास घेता येणे, भीती सरून छाती मोकळी होणे. कोणी ठेवण्याची क्रिया पाहिली, कोणी पक्केपणा पाहिला. संस्कृतने येथे श्वास पाहिला.

गोव्यात वेगळा शब्द रुजला. कोकणी कॅथलिक श्रद्धेला ‘भावार्थ’ म्हणतात आणि श्रद्धावंताला ‘भावार्थी’. ‘भाव तेथे देव’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने ओवीबद्ध मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. त्याची कोकणी धर्मशिकवणीची पुस्तिका त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये निघाली. ती प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. पाण्यातला तो जुना संवाद असा मांडवी-जुवारीच्या मुलखात पोहोचला.

पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालयही होते. माणूस खरोखर काय मानतो, घरात कोणते जुने विधी पाळतो, याची तेथे चौकशी होई आणि शिक्षा होई. भावार्थासारखा कोवळा शब्द आणि ते न्यायालय एकाच भूमीवर, एकाच काळी होते. शब्दाचा इतिहास सांगताना यातील एकच बाजू सांगणे म्हणजे अर्धी यादी वाचणे.

(११)
आता इंग्रजी ‘बिलीव्ह’कडे पाहा, कारण आपल्या पिढीचा गोंधळ बहुधा तेथून येतो. आज ‘आय बिलीव्ह’ म्हणजे ‘माझे असे मत आहे’. जुन्या इंग्रजीत तसे नव्हते. ‘बिलीव्ह’, जर्मन ‘ग्लाउबेन’ आणि इंग्रजी ‘लव्ह’ यांचे मूळ एक. त्यात प्रिय मानणे, जीव जडणे हा भाव आहे. संस्कृतातील ‘लुभ्’ धातू त्याच कुळातला, आणि म्हणून आपला ‘लोभ’ही. धर्माचे कॅनेडियन अभ्यासक विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी १९७०च्या दशकात दोन पुस्तकांतून दाखवले, की ‘बिलीव्ह’चा अर्थ गेल्या काही शतकांत निष्ठेकडून मताकडे सरकत गेला. आधी माणूस कोणावर तरी विश्वास ठेवत असे. पुढे तो काहीतरी खरे आहे असे मानू लागला.

मी वसतिगृहात मित्राला जो टोमणा मारत होतो, तो या घसरलेल्या अर्थाच्या आधारावर. त्याच्या आईच्या तोंडचा शब्द त्या घसरणीच्या आधीचा होता.

(१२)
येथे एक सावधगिरी, विशेषतः तुमच्यापैकी जे नुकतेच या अभ्यासात उतरले आहेत त्यांच्यासाठी. ‘क्रेदो’ आणि ‘श्रद्धा’ यांचे मूळ एक आहे, यावरून दोन्ही धर्म एकच आहेत असे सिद्ध होत नाही, किंवा एकाने दुसऱ्याचे उचलले असेही होत नाही. शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. ज्याने श्राद्ध केले आणि ज्याने क्रेदो म्हटले, ते दोघे एकच गोष्ट करत नव्हते. ‘ख्रिस्त हा शब्द कृष्णापासून आला’ असा संदेश तुमच्या फोनवरही आला असेल. तो निव्वळ ध्वनिसाम्याचा खेळ आहे. ‘ख्रिस्तोस’ म्हणजे ग्रीक भाषेत ‘अभिषिक्त’. तो हिब्रू ‘माशियाख’चा अनुवाद आहे. जे नाते नियमाने सिद्ध होते ते स्वीकारावे, जे होत नाही ते कितीही गोड वाटले तरी सोडावे. मी उलट केले होते. असलेले नाते नाकारले, कारण ते नाकारल्याने माझे वाक्य चमकत होते.

हा मजकूर इथे टाकण्याआधी मी तो मित्राला पाठवला. माझे ते जुने वाक्य त्याने दीड वर्षापूर्वीच वाचले होते, हे मला तेव्हा कळले. त्याने फोन केला. लॅटिन, अवेस्ता, बेनव्हेनिस्त, सारे त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, ‘चांगलं लिहिलंयस. पण पाच वर्षं एका खोलीत राहिलो आपण. एकदा तरी विचारायचंस.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. ज्या पाठाचा आरंभच एका प्रश्नाने झाला, त्याविषयी मी पाच वर्षे फक्त विधाने करत राहिलो.

दीड वर्षापूर्वीचे ते वाक्य मी पुसलेले नाही. साधनांत खाडाखोड करू नये, हे आपण येथे वारंवार बोललो आहोत. माझी चूक हेही आता या धाग्यातील एक साधनच आहे. त्याखाली एवढेच लिहिले आहे : ‘हे विधान चुकीचे आहे. दुरुस्ती पुढे वाचावी.’ ज्यांनी ते वाक्य पुढे पाठवले होते, त्यांनी ही दुरुस्तीही तेथवर पोहोचवावी, ही विनंती.

पुढच्या वेळी पुन्हा नाण्यांकडे वळू.

लोभ असावा.